हात वर केला तो पंख्यासाठी

आमच्या ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे ते बसत जातात. मग एक दिवस कोणीतरी बटण दाबतं आणि सगळे एकदम डोक्यावर पडतात. या खेपेला बटण माझ्याच बावळटपणाने दाबलं गेलं, म्हणून आधी तेच कबूल करून टाकते.

वरच्या हॉलमध्ये मीटिंग होती. जुना पंखा गरगर फिरत होता, माझे कागद उडत होते. दारात आमचे चौकीदार देवचंदभाऊ उभे, रेग्युलेटर त्यांच्या हाताशीच. मी हात वर करून त्यांना खूण केली, जरा कमी करा म्हणून. नेमकं त्याच वेळी साहेब विचारत होते, "इस बिल्डिंग का ऑटोमेशन कौन देखेगा?"

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"शाबाश! इसको कहते हैं स्पिरिट!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. आता टाळ्या पडत असताना "नाही हो, मला तर पंखा..." असं कोण म्हणणार? मी मान डोलावली. घरी मिक्सरचं झाकण मला अजून नीट लागत नाही, आणि मी झाले ऑटोमेशनची नोडल अधिकारी!

पंखा काही कमी झाला नाही.

*

इमारत पालिकेची, जुनी, दोन मजली. खाली जलकर भरायच्या खिडक्या, वर हॉल. तिच्यात बसणार होते चेहरा पाहून उघडणारे दरवाजे, माणसाची चाहूल घेऊन लागणारे दिवे, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की सगळं आपोआप बंद. कंपनीचा इंजिनिअर इंदूरहून आला आणि म्हणाला, "मॅडम, पहला चेहरा आपका."

मी म्हटलं, फोटोच काढायचाय तर नीट यावा. त्याच दिवशी रावेरला भाच्याचं लग्न होतं. तशीच तयार होऊन आले. जरीची साडी, मोठी टिकली, नथ, पार्लरवाल्या पोरीने कोरलेल्या भुवया. मशीन म्हणालं, "वेलकम!" इतक्या प्रेमाने सासरीसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं.

सोमवारी डोक्याला तेल थापून, साध्या साडीत गेले. मशीन म्हणालं, "अनजान व्यक्ति."

चष्मा काढला. हसून पाहिलं. "अनजान व्यक्ति." मागे लाईन वाढायला लागली. शेवटी घरी फोन करून नथ मागवली, नाकात अडकवली, तेव्हा दरवाजा उघडला. त्या दिवसापासून नथ पर्समध्येच. सगळे ऑफिसात शिरताना रुमालाने घाम पुसतात, मी नथ घालते.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "नथवाली बाई मलाही एकदाच भेटली होती."

*

आता यातली एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, भोपाळहून तपासणी होईल, सिस्टीम पास झाली की इथे चौकीदाराचं काम नाही. देवचंदभाऊंना तापीकाठच्या पंप हाऊसवर नाइट ड्यूटी.

देवचंदभाऊ निंबोल्याचे. केळीचा छोटा तुकडा आहे. शेतीची लाईट येते रात्री, म्हणजे मोटर रात्रीच चालवायची, ठिबक रात्रीच बघायचं. घरी बायको एकटी, तिचे गुडघे गेलेले. नाइट ड्यूटी लागली की केळी वाळलीच समजा.

मी म्हटलं, "भाऊ, मी काय करू सांगा."

ते म्हणाले, "पास होऊ द्या मॅडम. तुमचं नाव आहे त्याच्यात."

भांडले असते तर बरं झालं असतं. असं बोललेलं माणसाला जेवू देत नाही.

*

त्यांचाही चेहरा मशीनमध्ये घालायचा होता. मशीनसमोर उभं केलं, तर त्यांनी दोन्ही हात जोडून थेट कपाळाला लावले. "राम राम!"

मशीनला दिसले दोन कोपर.

"भाऊ, हात खाली ठेवा!"

"पहिल्यांदाच भेटून राहिलो ना मॅडम. असंच ठोंब्यासारखं उभं राहायचं का?"

बऱ्याच मिनतवाऱ्यांनी चेहरा आला. पण रोज सकाळी तेच. आधी राम राम, मग "अनजान व्यक्ति", मग माझी ओरड, "भाऊ, हात खाली!" इंजिनिअर मला म्हणाला, "मॅडम, इनको समझाइए, ये मशीन है." देवचंदभाऊ म्हणाले, "ते बोलतंय तरी. तुम्ही तर तेवढंही नाही बोलत."

त्या दिवसापासून इंजिनिअर येता-जाता राम राम करायला लागला.

*

दिव्यांचं असं होतं की खोलीत थोडा वेळ काही हललं नाही, की सेन्सर दिवे बंद करणार. जलकर शाखेत पहिल्याच दिवशी तीनदा अंधार झाला. आणि बाबू लोक सगळे आपापल्या खुर्चीत हजर!

मी इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "सेंसर एकदम ठीक है मॅडम. कमरे में कोई काम कर रहा होगा, तो हिलेगा ना?"

आता हे मी वर कसं कळवणार? मग माझ्या अफाट बुद्धीने मी तोडगा काढला. देवचंदभाऊंनी अधूनमधून खोलीतून एक चक्कर मारायची, गमछा झटकत. ते झटकायचे, दिवे लागायचे. पैसे भरायला आलेल्या एका आजीबाईंनी बराच वेळ हे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "बाई, कोणाला बाहेरचं लागलंय का काही?"

*

दरवाज्यांना चुंबकाची कुलपं आली. करंट असेपर्यंत हत्तीनेही उघडणार नाहीत! करंट गेला की मात्र सगळी आपोआप उघडी. इंजिनिअरने समजावलं, आग लागली तर माणसं आत अडकायला नको, म्हणून तसं. बॅटरी लावायची होती, पण ती म्हणे पुढच्या टप्प्यात.

आमच्याकडे लाईट जायला आग लागावी लागत नाही.

भर दुपारी लाईट गेली. सगळे दरवाजे एका सुरात "खट्!" आणि बाहेरची अख्खी लाईन साहेबांच्या केबिनमध्ये. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, तर मेन दरवाज्याच्या दोन्ही कड्यांतून सायकलची साखळी ओवून टांगलेली.

"ये क्या है?" तो ओरडला.

देवचंदभाऊ म्हणाले, "बॅकअप."

*

सिस्टीमचा नियम होता, एक चेहरा, एक माणूस. आमचा नियम असा की मागून कोणी येत असेल तर दार धरायचं. तोंडावर दार लावायला काय भांडण झालंय? त्यामुळे एकाने चेहरा दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या पुण्याईवर जायचं.

आमचे वानखेडे बाबू रिटायर झाले. हार, नारळ, दराब्याच्या मिठाईचा डबा, मागे-पुढे सगळा गोतावळा. त्या गर्दीत बाहेर पडले आणि बाहेरच्या मशीनला चेहरा दाखवायचा राहिला. सिस्टीमच्या मते ते आतच. शेवटचा माणूस आत असताना इमारत बंद कशी होणार? रात्रभर दिवे, रात्रभर एसी. इंजिनिअर म्हणाला, त्यांनाच बोलवा, चेहरा दाखवून बाहेर पडू द्या.

मी फोन केला. वानखेडे बाबू म्हणाले, "मॅडम, नोकरीत होतो तेव्हा मी आत आहे असं कोणी मानत नव्हतं. आता कोणीतरी मानतंय, तर राहू द्या ना!"

*

तपासणीचा दिवस. मावा जलेबी आली, भोपाळचे अधिकारी आले. मी मशीनसमोर गेले, पर्स उघडली, नथ घातली. "वेलकम!" दरवाजा उघडला.

अधिकारी माझ्या नाकाकडे बघत राहिले. "ये आपका ड्रेस कोड है?"

"जी, मेरा अकेली का," मी म्हटलं.

जलकर शाखेत सगळे बाबू भीतीने पुतळ्यासारखे बसले होते. दिवे गेले. देवचंदभाऊ आले, गमछा झटकला, दिवे आले. अधिकाऱ्यांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा गमछ्याकडे. मग त्यांनी विचारलं, "तो अब चौकीदार की ज़रूरत नहीं?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी देवचंदभाऊंकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर रडले असते. म्हटलं, "सर, सिस्टीम बिल्कुल ठीक है. बस, उसको सँभालने के लिए एक आदमी लगता है. दिन में."

"सिस्टीम को आदमी क्यों लगेगा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लाईट गेली. "खट्!" देवचंदभाऊ पळाले आणि पाठोपाठ मेन दरवाज्याकडून साखळीचा खळखळ आवाज.

"ये क्या है?"

"बॅकअप," मी म्हटलं.

अधिकारी आधी हसू दाबत होते. मग खुर्ची धरून हसले. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, सिस्टीम पास, चौकीदारासह.

देवचंदभाऊंची नाइट ड्यूटी टळली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर केळ्याची फणी. थँक्यू वगैरे काही नाही. "अजून कच्ची आहे, घाई नका करू," एवढंच बोलले.

*

परवा पुन्हा मीटिंग झाली. तोच हॉल, तोच पंखा. साहेब भलतेच खुशीत. "अपना काम भोपाल तक गया! अब लाइब्रेरी है, कम्युनिटी हॉल है, फायर स्टेशन है. ये सब कौन देखेगा?"

माझे कागद उडायला लागले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. एक कागद साहेबांच्या चहात पडला, तरी हात काढला नाही.

देवचंदभाऊ दारातून आले. खाली पडलेले कागद गोळा केले, माझ्यापुढे ठेवले. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "अहो भाऊ, तो पंखा जरा कमी करा ना!"

त्यांनी कागदांवर पाण्याचा ग्लास ठेवला.

"एकवरच आहे मॅडम. त्या दिवशी पण एकवरच होता. हात खाली ठेवा."