आत्याचं भिंग

माझी आत्या चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करते. उजव्या डोळ्याच्या खोबणीत भिंग धरलं की तिचे दोन्ही हात मोकळे, आणि तोंड तर कायमचंच मोकळं. त्याच डोळ्याखाली एक फोड आला. सुकायचा, पुन्हा चिघळायचा. भिंगाची कड लागते म्हणून आत्याने वर्षभर त्या कडेलाच दोषी धरलं, कानशीने घासून घासून ती गुळगुळीत केली. फोड काही हटेना. शेवटी मीच तिला ओढून दवाखान्यात नेलं. निघाला त्वचेचा कॅन्सर.

डॉक्टर म्हणाले, "खालची पापणी सगळीच काढून टाकू. काळजी नको."

"आणि भिंग कशाने धरू?"

"आता या वयात घड्याळं कशाला, आजी?"

आत्या ताडकन उठली. "आजी असेल तुमच्या घरी. चाकाचा एक दाता झिजला म्हणून मी अख्खं घड्याळ फेकत नाही!"

मला तिचा असा संताप आला! जीव मोठा की भिंग, म्हणून मी भर रस्त्यात भांडले. ती सरळ दुसऱ्या दवाखान्याच्या दिशेने चालू लागली. तीन दवाखाने पालथे घातल्यावर एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, पातळ थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कॅन्सर जिथे उरलाय तिथलाच पुढचा थर काढायचा. चांगल्या कातडीला हात लावायचा नाही.

"पण पापणी वाचेलच असं नाही हं."

"तुम्ही नीट बघून कापा. बाकी माझं मी बघते," आत्या म्हणाली.

पहिल्या थरात कॅन्सर उरला होता. दुसऱ्यातही, नाकाच्या बाजूला. दर वेळी पट्टी बांधून तासभर बाहेर बाकावर बसायचं. मी सारखी उठून दाराशी डोकावत होते. ही मात्र शेजारच्या बाईचं बंद घड्याळ मागून घेऊन कानाला लावत होती. तिसरा थर स्वच्छ निघाला. पापणीचा कोपरा गेला, बाकीची वाचली.

दीड महिन्याने तिने दुकान उघडलं. मी डोक्याला बांधायचं, पट्ट्याचं भिंग आणलं होतं. तिने ते खणात टाकलं आणि आपलं जुनं डोळ्याला लावलं. पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मला रडूच फुटलं.

आत्याने मान डावीकडे कलती केली, गाल वर ओढला आणि भिंग बसवलं. राहिलं.

"मान वाकडी दिसते गं," मी म्हणाले.

"दिसू दे. तो चिमटा दे इकडे."