अष्टकोनाला गळा नसतो

परवा रविवारी आमच्या दौंडच्या घरात गणितही अडलं आणि शिवणकामही... दोन्ही एकाच बाजूला.

सोमवारी माझ्या पीएचडीचा ऑनलाइन आढावा होता. या वयात लोक गुडघ्यांचे रिपोर्ट काढतात, मी प्रोग्रेस रिपोर्ट! माझा कॉम्प्युटर प्रोग्रॅम चालला नाही तर यंदा मुदतवाढ नाही, असं कमिटीनं आधीच गोड शब्दांत सांगितलेलं.

विषय तसा साधा आहे. लवचिक अष्टकोन घ्या, समोरासमोरच्या बाजू पीळ न देता जोडा... दोन भोकांचा मेदूवडा तयार. याला वडा म्हटलं तर डिग्री मिळत नाही, म्हणून आम्ही रीमान पृष्ठभाग म्हणतो.

अशा प्रत्येक वड्यामागं बीजगणितातलं एक समीकरण असतं. ते हातानं सापडत नाही. मग कॉम्प्युटरकडून आकडे काढायचे, अधिकाधिक अचूक करायचे, आणि ते स्थिरावले की समीकरण ओळखायचं.

सारख्या बाजू आणि सारख्या कोनांच्या अष्टकोनाचं उत्तर जगाला माहीत आहे, म्हणून तपासणीला तोच घेतला. पण अचूकता वाढवली की माझं उत्तर बदलायचं... सोसायटीच्या मीटिंगसारखं.

निदान आकार तरी दाखवू म्हणून त्याची उशी शिवून द्यायला सासूबाईंना साकडं घातलं. कवठे येमाईहून त्या राहायला आल्या होत्या. प्रोग्रॅमनं काढलेलं चित्र छापून दिलं... कुठली बाजू कुठल्या दिशेनं जोडायची, त्याचे बाण त्यात होते. सोबत एक जुना टी-शर्ट.

"ह्याला गळा कुठं हाय?"

"गळा नसतो, आई. बाह्याही नसतात."

"मग घालायचं कुणाला, तुझ्या कमिटीला?"

थोड्या वेळानं मशीन थांबलं. कुठलीही उशी शिवताना कापडाची सुलटी बाजू सुलटीला लावतात, मग सगळं उलटून घेतात. इथं एका जोडीत सुलटीला उलटी येत होती. कापडाला चक्क पीळ पडलेला.

"आई, तुम्ही बाजू फिरवलीत."

"म्या कशाला फिरवू? तुझा बाणच तिकडं तोंड करून बसलाय, बघ की!"

बघितलं... आणि गार पडले. बाण खरंच उलटा होता. चित्र प्रोग्रॅमचं, म्हणजे आकडे काढतानाही तो तीच बाजू उलटी जोडत होता!

त्या बाजूची दोन टोकं आपसात बदलली, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आकडे जरा थरथरले आणि बसले. समीकरणाचे चार बिंदू चौरसाच्या चार कोपऱ्यांवर... अगदी हवे तिथं. मी किंचाळले, तर आई म्हणाल्या, "सुई माझ्या हातात, वरडती तू!"

मग त्यांनी शिवण उसवून नीट घातली, आत कापूस भरला. सोमवारी मुदतवाढ मिळाली. कमिटीतल्या एका मॅडमनी समीकरणाबद्दल चकार शब्द काढला नाही, उशी कुठं मिळते ते मात्र विचारलं.

आता आई एका भोकात हात अडकवून दुपारी निवांत टीव्ही बघतात. थीसिस लिहायचा बाकी आहे... आभाराचं पान तेवढं तयार आहे. गाईडसरांचं नाव त्यात दुसरं.