मॅडमनी मागे घेतलेला पेपर

मी खोटे आकडे लिहिले होते.

इतक्या वर्षांत हे घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही. ज्यांना माहीत होतं त्या पावसकर मॅडम, माझ्या पीएचडीच्या गाईड, आज सकाळी रत्नागिरीत वारल्या.

म्हणून आज सांगते.

मंडणगडच्या आतल्या खेड्यातून मी त्यांच्या लॅबमध्ये आले, तेव्हा मायक्रोस्कोपला हात लावायचीही भीती वाटायची.
पहिल्याच दिवशी मॅडमनी एक वही हातात दिली. म्हणाल्या, पेननेच लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, पान फाडायचं नाही.
मी नुसती मान हलवली.

माझं काम होतं भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांची, म्हणजे चिखलातल्या शिंपल्यांची, वाढ मोजायचं. दर पंधरा दिवसांनी, पूर्ण ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, खूण केलेल्या तिसऱ्या शोधायच्या आणि एकेक मोजायची.

दुसऱ्या वर्षी बहिणीचा साखरपुडा ठरला. नेमका मोजणीच्या दिवशी.
मॅडमना विचारायची हिंमत झाली नाही. गुपचूप घरी गेले. परत आल्यावर मागचे आकडे बघून त्या दिवसाचे अंदाजाने भरले.
छान, सुवाच्य अक्षरात.

पेपर लिहून झाला. जर्नलने घेतला. मॅडमनी सगळ्या लॅबला आंबावडी वाटली.
मला ती गिळवेना.

चार दिवसांनी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी वही मागितली. कुठलं पान ते विचारलं, त्यावर रेघ मारली आणि खाली सही केली.
माझ्यासमोरच जर्नलला मेल लिहिला. एका मोजणीची नोंद खरी नाही, देखरेख माझी होती, पेपर मागे घेत आहे.
त्या मेलमध्ये माझं नाव कुठेच नव्हतं.

मला रडू आवरेना. तेव्हा म्हणाल्या,
"खोटं लिहिलंस ते वाईटच. ते मी विसरणार नाही. पण बहिणीचा साखरपुडा आहे, एवढं सांगायला तुला माझी भीती वाटली, ते माझं चुकलं गो."

पुढच्या ओहोटीला त्या स्वतः माझ्याबरोबर खाडीत उतरल्या. गुडघे दुखत असताना, साडी खोचून.
सगळी मोजणी पहिल्यापासून केली. वर्षभर.

बढतीच्या मुलाखतीसाठी त्यांना तो पेपर हवा होता, हे मला फार नंतर ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं. त्यांच्या तोंडून कधीच नाही.

त्यानंतर लॅबमध्ये कोणी नवीन आलं की मॅडम आधी विचारायच्या, घरी कोण कोण असतं, कधी कधी जावं लागतं. ते कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या. वहीचे नियम त्यानंतर.

आज माझ्याकडे तीन विद्यार्थिनी आहेत.
गेल्या महिन्यात एकीने घाबरत येऊन सांगितलं की तिच्या हातून सॅम्पल्स फ्रीजबाहेर राहिली, सगळी खराब झाली.
राग आला होता. तरी तिला म्हटलं, बस आधी, पाणी पी.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. बोलताना त्यांना धाप लागत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,
"ओरडलीस का तिला?"
"नाही मॅडम."
"मग बरं."

ते आमचं शेवटचं बोलणं.

मॅडम, तुम्ही मला सांभाळून घेतलंत.
तुमच्या विद्यार्थिनीचा मनापासून नमस्कार.