खफजी लोकलचे मालक

कुवेतमध्ये रेल्वे नाही असं जो म्हणतो, तो आमच्या चाचांना भेटलेला नाही. मूळचे रत्नागिरीकडचे हे गृहस्थ हवल्लीत शिलाईचं दुकान चालवतात. सीमेपार रेल्वे होणार अशी बातमी पेपरात आली आणि सरकारची वाट न बघता चाचांनी लोकल सुरूही केली, अर्थात तोंडी. हवल्ली ते सौदीतलं खफजी, मधले थांबे चाचांच्या मर्जीवर. रिग्गईच्या एकाने गावाहून आणलेलं सुकट दिलं, तर वाट वाकडी करून गाडी तिकडून गेली. मी एकदा त्यांच्या चहात साखर कमी आहे म्हटलं, तर माझा महबूलाचा थांबाच रद्द! "तुझ्या जिभेला बस बरी," म्हणाले. पुढे बायकोने केलेलं भरलं पापलेट पोचलं, तेव्हा कुठे थांबा परत मिळाला. तोही फक्त शुक्रवारी.

या सगळ्या उपद्व्यापाचं कारण सरळ होतं. चाचांची एकुलती एक लेक खफजीत नांदत होती आणि चाचांना मोटार लागायची. लागायची म्हणजे काय, उभ्या गाडीत बसले तरी लिंबू मागायचे! आगगाडी मात्र लागत नाही म्हणे. एरवी लेकच भेटायला यायची, पण तिला दिवस गेले आणि प्रवास बंद झाला.

मग नात झाली. मोबाइलवर तिचा फोटो बघता बघता चाचांनी कुणाची तरी पँट गुडघ्यापाशीच कापली आणि मला फोन लावला. "गाडी काढ."

"आणि लोकल?" मी डिवचलं.

"लोकल गेली चुलीत!"

सीमेच्या नाक्यापर्यंत मी इतक्यांदा गाडी थांबवली, की चाचांच्या लोकलला तेवढे थांबे नव्हते. शेवटी न राहवून विचारलं, "चाचा, परत फिरूया का?"

रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "मेल्या, पुढे बघून चालव."

खफजीत लेकीने नात मांडीवर दिली. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस, सवयीने वीत लावून तिची उंची मोजायला गेला आणि मध्येच हुंदका आला. निघताना लेकीने भीतभीत विचारलं, "अब्बा, आता परत कधी?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "पुढच्या शुक्रवारी."

परतीलाही गाडी लागलीच. रस्त्याच्या कडेला ओकून झाल्यावर चूळ भरत म्हणाले, "झबलं जरा सैलच शिवतो. पोरं लवकर वाढतात रे."