नणंदेचं मशीन

नारिन या डोंगराळ गावाच्या खालच्या वस्तीत झूराकानच्या हातचं कुणीही डोळे झाकून खावं. तिच्यासमोर मात्र दुसऱ्याच्या घरचा चहा आला की ती आधी पेला खिडकीच्या उजेडात धरायची. बालवाडीच्या स्वयंपाकघरात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिथल्या बायका म्हणायच्या, "झूराकानला शिळं मटण दाखवावं लागत नाही, ते फाटकातून आत आलं की तिला कळतं."

ती नखरेल मुळीच नव्हती. उलट घाण तिनं जन्मभर उपसली होती, म्हणून तर तिला घाणीची एवढी चीड. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या चादरी झूराकाननंच धुतल्या. हिवाळ्यात नळ गोठायचे, मग नदीवरून बादल्या आणायच्या, आणि हातांच्या भेगांतून रक्त यायचं. थोरली नणंद कादिचा तेव्हा वरच्या वस्तीतून भेटायला यायची. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसायची, रुमालाचं टोक नाकाला लावायची, "बिचारी माझी आई" म्हणून डोळे पुसायची आणि चहा पिऊन निघून जायची. एका चादरीला तिनं कधी हात लावला नाही.

सासू गेल्यावर झूराकाननं लोकरीच्या सतरंज्या करून विकल्या आणि कपडे धुण्याचं मशीन घेतलं. ते नाती शाळेत जायला लागेपर्यंत टिकलं. गेल्या शरदात मात्र ते ट्रॅक्टरसारखं घरघरायला लागलं आणि एक दिवस पांढऱ्या अभ्र्यांवर काळपट तेल ओकून बंद पडलं. दुरुस्तीवाल्यानं मागचा पत्रा काढून बघितला आणि मान हलवली. तिकडे थोरल्या बाईला 'एजे', म्हणजे ताई, म्हणतात. "याचे भाग आता मिळत नाहीत, एजे. नवं बघा."

नवं बघायचं म्हटल्यावर तिच्या नवऱ्याच्या, जुमादिलच्या, कपाळाला आठ्या पडल्या. ट्रक चालवून निवृत्त झालेला हा माणूस दुकानात शिरायला घाबरायचा. त्यानं बहिणीला फोन लावला, आणि दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या टेम्पोतून एक मशीन दारात उतरलं. मागोमाग कादिचाही उतरली.

"मी नवं घेतलंय," ती म्हणाली, "हे उगाच पडून होतं. घरातलं घरात राहिलं. परक्याला कशाला द्यायचं?"

झूराकाननं मशीनचं गोल दार उघडलं आणि दचकून मागे सरली. आतल्या रबराच्या घडीत काळी बुरशी साचली होती, आणि तिच्यात लांब केसांचा गुंता चिकटला होता. वरून कसलंसं अत्तर मारलेलं होतं. अत्तराखाली जे होतं, ते अत्तरालाही झाकता आलं नव्हतं.

"एजे, हे कधी पुसलं होतं?"

"अगं, आत तर साबणाचंच पाणी असतं. जे रोज साबणानं धुतलं जातं, ते घाण कसं होईल?"

कादिचा गेल्यावर जुमादिल म्हणाला, "फुकटच्या घोड्याचे कुणी दात मोजतं का?"

"दात नाही मोजत मी. त्याच्या तोंडाला वास येतोय."

"मला तर काहीच येत नाही."

"तुम्हाला डिझेलशिवाय कशाचा वास आलाय आजवर?"

तिनं जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि रबराच्या घड्या घासल्या. सोडा टाकून नुसतंच गरम पाणी फिरवलं, मग व्हिनेगर घालून फिरवलं. पण कपडे वाळून आले की त्यांना कसलातरी आंबूस, कोमट, मेंढरासारखा वास येतच राहिला. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते तिला सांगता येईना, आणि त्यामुळे ती जास्तच चिडायची. ती उशीला तोंड लावायची आणि तोंड फिरवायची. एकदा शेजारची म्हातारी चहाला आली. हात धुऊन तिनं टॉवेलला तोंड पुसलं, क्षणभर थांबली, आणि टॉवेल अगदी हळूच खाली ठेवला. झूराकानला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर असं दुसऱ्याच्या घरी ती स्वतः करत आली होती.

तिनं कादिचाला फोन केला.

"तुझं नाकच तसलं आहे," कादिचा म्हणाली. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून आमच्या घराचा तुला वास येतोय."

शनिवारी झूराकान हमामात गेली. बायकांचा दिवस होता. वाफेत लाकडी बाकांवर सगळी वस्ती उघडी बसलेली, आणि तिथे कुणी कुणाशी आब राखून बोलत नाही. अंगावर गरम पाणी ओतता ओतता तिनं सरळच विचारलं, "बायांनो, खरं सांगा. तुमच्या घरचं मशीन कसं आहे? टिकेल असं घ्यायचं झालं तर कुठलं घ्यावं?"

मग काय, एकेकीला कंठ फुटला.

"माझ्यासारखं नको गं! नुसत्या काचेवर बोट टेकवायचं होतं. एकदा वीज कमीजास्त झाली, आणि बोट टेकवा नाहीतर डोकं आपटा, हलतंय कुठे!"

"सुनेनं वाफ देणारं आणलंय. वाफ द्यायला आधी पाणी नको का? आमच्या नळाला सकाळी करंगळीएवढी धार. ते मशीन दुपारपर्यंत पाण्याची वाट बघत उभं."

"आणि पाण्यातली वाळू?"

कोपऱ्यातून दिल्डे नावाची जाडजूड बाई म्हणाली, "मला विचाराल तर दोन टबांचं साधं घ्या. एकात धुवायचं, एकात पिळायचं. पाणी बादलीनं ओता. माझं पोरगी शाळेत होती तेव्हाचं आहे, आज ती आजी व्हायला आली. मी मरेन, पण ते मरायचं नाही."

"उभं राहावं लागतं पण त्याच्यापाशी."

"मग काय झालं? नवऱ्यापाशी उभं राहण्यापेक्षा बरं!"

सगळ्या हसल्या. झूराकानची पाठ घासत होती ती नुरपेरी, कादिचाची सून, तेवढी हसली नाही. तिचा हात हळूहळू मंद झाला.

"नणंदेनं दिलंय ना एक," झूराकान म्हणाली, "पण त्याला कसला वास येतो, देव जाणे."

नुरपेरी तिच्या कानाशी वाकली. "आपा, त्यात कपडे नका धुऊ."

"का गं?"

"माझं नाव सांगू नका. सासरे गेले त्याच्या वर्षाच्या जेवणाला मेंढ्या कापल्या होत्या ना? त्यांची पोटं आणि आतडी सासूबाईंनी त्यात धुतली. लोकरीच्या कपड्यांचं बटण लावून, थंड पाण्यात. मी नको म्हणत होते. पण स्वच्छ निघाली, हातही दुखले नाहीत. मग दर वेळी तसंच."

पोरगी कुजबुजली खरी, पण हमामात कुजबूजसुद्धा घुमते. शेजारच्या बाकावरची ओरडली, "या अल्ला! म्हणून कादिचाची बीझी इतकी पांढरीशुभ्र!"

बीझी म्हणजे तांदूळ-काळीज भरून शिजवलेली आतडी. त्या जेवणात झूराकाननं ती दोनदा मागून घेतली होती, आणि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "एजे, आतडी साफ करावीत तर तुम्हीच." आता तिच्या डोळ्यांपुढे ते मशीन आलं. ज्यात घरभराच्या चड्ड्या आणि मोजे धुतले, त्यात आतडी; आणि ज्यात आतडी, त्यात आपले अभ्रे. ती तशीच उठली, मोरीपाशी बसली आणि सकाळचा सगळा चहा तिथे पडला. दिल्डेनं तिच्या डोक्यावर गार पाणी ओतलं.

घरी येऊन तिनं डोक्याचा ओला रुमालही सोडला नाही. "अहो, इकडे या. मशीनच्या खालची, कचरा अडकतो ती लहान झडप उघडा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. हात घाला."

जुमादिलनं गुडघे टेकले, झडप फिरवली. करडं पाणी भळाभळा फरशीवर आलं. त्यानं बोटं आत घातली आणि काहीतरी लिबलिबीत बाहेर ओढलं. बोटभर पट्टी, मधाच्या पोळ्यासारखी जाळीची, हिरवट पडलेली. तो त्याच्याकडे बघत राहिला. मटणाचा शौकीन माणूस. ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"हे... पोट आहे. मेंढीचं."

"तुमच्या बहिणीची भेट. वास येत नाही ना तुम्हाला?"

तो अंगणात पळाला. परत आला तो पांढराफटक, आणि टेम्पोवाल्याला फोन लावू लागला.

कादिचाच्या अंगणात मशीन उतरवलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नुरपेरी गोठ्याच्या दाराआड थिजली होती. झूराकाननं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदात गुंडाळलेली पट्टी तिनं मशीनवर ठेवली.

"एवढंच ना!" कादिचा म्हणाली. "आतडी काय वाईट असतात? तूच तर मागून मागून खाल्लीस."

"खाल्ली. आणि कळल्यावर हमामात ओकलेही. पण एजे, मला आतड्यांची किळस नाही. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही त्यावर अत्तर मारून दिलंत. तुमच्या आईच्या चादरी मी धूत होते तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल लावून बसलात, मी कधी बोलले नाही. पण तुमची घाण आम्ही दान समजून घ्यावी, वर नाकही बंद ठेवावं, याची मला शिसारी येते."

"जुमादिल, ऐकतोयस ना ही काय बोलते ते?"

"ऐकतोय, एजे," जुमादिल म्हणाला. "मी हात घातला होता आत."

सोमवारी दोघं बाजारात गेले. दुकानदारानं आधी काचेच्या बटणांचं चकचकीत मशीन पुढे केलं. ते फोनवरूनही चालतं म्हणाला. "मी घरात असताना फोन कशाला करू त्याला?" झूराकाननं विचारलं आणि पुढे सरकली. दोन टबांचं कोपऱ्यात होतं. तिनं झाकण उघडलं, वाकून वास घेतला, आणि बाही सारून हात तळापर्यंत फिरवला. दुकानदार ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला.

"हे खेड्यातले लोक नेतात, एजे."

"आमचं पाणीही खेड्यासारखंच येतं. याचा तळ दिसतो, मला तेवढं पुरे."

ते मशीन चांगलं निघालं. अभ्र्यांना पुन्हा साबणाचा आणि थंडीचा वास यायला लागला. जुमादिलनं त्या हिवाळ्यात बीझीला हात लावला नाही.

कादिचा थेट नौरोजच्या सणाला आली, हातात झाकलेलं ताट घेऊन. झूराकाननं जेवणाचा दस्तरखान मांडला, चहा दिला, तब्येत विचारली. ताटातलं कुणी खाल्लं नाही. नुरपेरीनं ओसरीवर हळूच सांगितलं की ते जुनं मशीन आता गोठ्यामागे ठेवलंय, त्यात फक्त आतडी धुतात, कपडे नव्यातच. आणि वस्तीत सासूबाई सांगतात, स्वच्छतेसाठी आपण दोन मशीनं ठेवली.

"सांगू दे," झूराकान म्हणाली. पाहुणे गेल्यावर तिनं ते ताट उचललं, एकदा नाकाशी नेलं, आणि परसातल्या कुत्र्यापुढे रिकामं केलं.