म्बाह तुगिनेमचे पन्नास किलो

बू वर्सिनीच्या, म्हणजे वर्सिनीबाईंच्या, व्यायामशाळेला नाव नव्हतं. क्लातेन गावात, बाजारामागच्या गल्लीत, तिच्या घराच्या परसात, पत्र्याखाली दोन बार, रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं आणि एक बाक, एवढाच पसारा. तरी गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं तिथे येत, कारण वर्सिनीच्या हाताखाली कुणाला कधी इजा झाली नव्हती.

त्याला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी ती जिल्ह्यातर्फे वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरायची. स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकाने आठवड्यात दहा किलो वाढवले आणि तिची कंबर गेली. दोन महिने अंथरूण, मग अकरा वर्षं शिलाई मशीन. पुन्हा बार हातात घेतला तेव्हा तिने एक नियम केला: वजन असं घ्यायचं, की दहा वेळा उचलल्यावरही आणखी दहा वेळांची ताकद अंगात उरली पाहिजे. तोच नियम तिने पुढे सगळ्यांना लावला.

म्बाह तुगिनेम, म्हणजे तुगिनेमआजी, तिच्याकडे आली तेव्हा साठी ओलांडलेली होती. बाजारात पाठीवरून पोती वाहणाऱ्या बायकांपैकी ती एक. छातीवर गाठ मारलेल्या कापडी पट्ट्यात तांदूळ, कांदे, नारळ, जे असेल ते. चाळीस वर्षं हेच काम. अलीकडे मात्र पाठीला पोतं बांधून बसली, की उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा.

"चालायला लागले की घोडी आहे मी," ती म्हणाली. "उठायचं तेवढं अडतं. ते दुरुस्त करून दे, पोरी."

वर्सिनीने तिला पंधरा किलोचा बार दिला. जमिनीवरून मांडीपर्यंत उचलायचा, दहा वेळा, असे तीन फेरे.

तुगिनेमने बारकडे पाहिलं, मग वर्सिनीकडे. "याहून जड माझी नात आहे."

"आधी उचला, म्हणजे कळेल."

"उचलते की. हवं तर नातीलाही त्यावर बसव."

दीड महिना तुगिनेम आली. दर आठवड्याला वर्सिनी एक किलो वाढवायची. म्हातारी उचलताना गप्पा मारायची, कांद्याचा भाव सांगायची, घामाचा थेंब नाही. बाजारात मात्र उठताना अजून कुणाचा तरी हात लागतच होता. वर्सिनी विचारायची, "फरक?" म्हातारी मान हलवायची. वर्सिनी म्हणायची, वेळ लागतो.

एका दुपारी वर्सिनी चहा आणायला आत गेली. परतली तर दारातच थबकली. तुगिनेमने सोबत आलेल्या शेजारणीला हाताशी धरून बारला पन्नास किलो चढवले होते आणि ती वाकली होती. ओरडावं असं वर्सिनीला वाटलं, पण उचलताना दचकवणं त्याहून वाईट. तिने पाहिलं: पाठ सरळ, बार नडगीला चिकटून, जोर पायांचा. एक. दोन. पाच झाल्यावर म्हातारीने बार अलगद खाली ठेवला.

मग वर्सिनीने तोंड सोडलं. "कंबर मोडली असती तर? कुणाला सांगणार होतात?"

"मोडली का?"

"हा प्रश्न नाही, म्बाह!"

"मग कुठला आहे? रोज सकाळी मी एवढंच पाठीवर घेते. तू मला दीड महिना लहान मुलासारखी खेळवलीस."

वर्सिनी बाकावर बसली. चहा तसाच राहिला. मग तिने विचारलं, "पाचनंतर अजून किती झाले असते?"

तुगिनेमने खरंच विचार केला. "दोन. ओढूनताणून तीन."

हे उत्तर वर्सिनीला ओळखीचं वाटलं. शेवटी दोन-तीन वेळांचीच ताकद उरावी, हेच चांगल्या वजनाचं लक्षण, हे तिला विशीच्या आतच कळलं होतं. इतकी वर्षं ती माणसाच्या ताकदीला नव्हे, स्वतःच्या भीतीला वजनं देत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने नवं लिहिलं: पन्नास, पाच वेळा, तीन फेरे, मध्ये चार मिनिटं बसायचं.

"बसायला आलेय का मी इथे?" तुगिनेम कुरकुरली.

"बसणंही त्यातच आलं. उठलात तर फेरा पहिल्यापासून."

ईदच्या आदल्या आठवड्यात बाजार फुगला. तुगिनेम अकरा पोती वाहून आली आणि बारला हात घालू लागली. वर्सिनीने दोन्ही बाजूंची वजनं कमी करून तीस ठेवले.

"परवा साठ उचलले होते मी!"

"परवा तुम्ही अकरा पोती वाहिली नव्हती. आज तुमचे तीस म्हणजे साठच."

म्हातारी रागावली, पण तीस उचलून गेली. जाताना दारातून म्हणाली, "खरंच जड लागले गं."

पाचव्या महिन्यात तिच्या शेजारणीने परसात बातमी आणली: कांद्याचं पोतं बांधून म्बाह एकटीच उठली, हात द्यायला आलेलीला तिने वर शिव्या घातल्या. तुगिनेमने आणखी तीन वर्षं पोती वाहिली, मग दम लागू लागला म्हणून सोडलं. व्यायाम चालू ठेवला.

तिच्यामागून पोती वाहणाऱ्या सात-आठजणी येऊ लागल्या. त्यांना बार देण्याआधी वर्सिनी प्रत्येकीला विचारते, आज सकाळी किती उचललं. आपला बार हलका होऊ नये म्हणून त्या खोटं सांगतात, कमी सांगतात. मग ती त्यांना परसाच्या टोकापर्यंत चालायला लावते, पायांकडे बघते आणि वजन ठरवते.