गाईच्या वाटणीची हिरवळ

"ह्ये खातंय कोन?"

आमच्या फाटकातून आत आल्यावर मावशीचा पहिला प्रश्न हा. गुलाब दाखवा, क्रोटन दाखवा, नर्सरीतून आणलेला बुटका पाम दाखवा. ती कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून एवढंच विचारायची. कुणी खात नाही म्हटलं की त्या झाडावरून तिचं मन उडालंच म्हणून समजा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपल्या हौशीचं हसं होतं. माझ्या वाट्याला ही आली, बागकामाला येणारी मावशी. बदलापूर गावातली, मूळच्या शेतकरी घरातली, कायम अनवाणी. मला सरळ "तू" म्हणायची. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर "मॅडम" ऐकलेल्या कानांना ते "तू" फार टोचायचं. नोकरी सुटली होती, तोरा सुटला नव्हता.

नवीन रो-हाउसपुढे अंगणाचा तुकडा होता आणि मला तिथे लॉन हवं होतं. वेताच्या खुर्च्या, चहाची किटली, पायाखाली हिरवळ, समोर जळणाऱ्या मैत्रिणी. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, याची आमच्या ह्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, "गवताला असं कितीसं पाणी लागतंय?" मी शाळेत विज्ञान शिकवायचे, हे कृपा करून कुठे बोलू नका.

टेम्पोतून गवताचे तुकडे आले, चटयांसारखे गुंडाळलेले. ते राखायला मावशीला बोलावलं. तिने एक काडी उपटून निरखली.

"बाय, ही तर हरळी हाय."

"मावशी, हे लॉन आहे."

"माजा सासरा मरंस्तवर ही शेतातनं उपटीत व्हता. आनि तू टेंपो करून आनलीस."

पहिल्याच आठवड्यात तिने एक कोपरा साफ भादरून टाकला. मुळासकट. का विचारलं तर म्हणाली, "हात थांबला नाय." चाळीस वर्षं शेतातली हरळी काढलेल्या हाताला ती जपायची कशी, हे मी सांगणार होते थोडीच.

पुढे मात्र तिने छान राखलं. कापलेलं गवत फडक्यात बांधून न्यायची, कारण घरी गाय होती. जमीन मुलांनी बिल्डरला दिलेली, चरायला जागा उरली नव्हती. गाय आमच्या आणि आजूबाजूच्या दोन अंगणांवर जगत होती. पगाराला उशीर झाला तर मावशी कुरकुरायची नाही. पण मी एकदा कीटकनाशक फवारलं तेव्हा चार दिवस अबोला धरला. मी तिला माळीण समजत होते. ती मला कुरण समजत होती.

मग एका उन्हाळ्यात पाणी आणखी आटलं. मी टँकर मागवून गवताला पाणी घालत असताना शेजारच्या सुनेने हंडा हातात धरून माझ्याकडे जे पाहिलं, त्याने मी वरमले. आजूबाजूच्या त्या दोन अंगणांत केव्हाच फरशा बसल्या होत्या. मी प्लास्टिकचं गवत बघायला उल्हासनगरच्या बाजारात, कॅम्प एकमध्ये गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ना पानी, ना मिट्टी, ना माली. बिछाओ और भूल जाओ." मी आणलं, अंथरलं आणि खरोखरच विसरले. गाय विसरले.

दुसऱ्या दिवशी मावशी विळा घेऊन आली. प्लास्टिकवरून तळवा फिरवला. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विळा फडक्यात गुंडाळला.

"पगार चालू ठेवते मावशी," मी घाईने म्हटलं. "नुसता झाडू मारा."

ती मारायची झाडू. पण बदलापूरचं ऊन आणि तिचे अनवाणी पाय. एका दुपारी ते हिरवं प्रकरण असं तापलं की ती तव्यावर पाय पडल्यासारखी उड्या मारत पायरीवर आली. मी सुचवलं, आधी दोन बादल्या ओतून थंड करा.

"म्हंजे ह्याला बी पानी लागतंय," ती म्हणाली, आणि हसत हसत पायरीवरच बसली. मी घुश्शात आत गेले. मला त्याचं हसू यायला दोन वर्षं लागली.

त्यानंतर ती आली नाही.

यंदा सगळं काढून टाकायचं ठरवलं आणि तिला शोधत निघाले. तिच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर मुलाकडे सापडली.

"मावशी, प्लास्टिक काढतेय. परत खरं गवत लावते. याल?"

"गाय जांभूळ गावच्या एकाला दिली, बाय. चाऱ्याचं जमंना." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू नको मनाला लावून घेऊ. ती बी म्हातारी झालेली."

मला सोडायला ती खाली आली. फाटकाजवळ सोसायटीचं लॉन होतं, चालू नये अशी पाटी लावलेलं. बोलता बोलता ती वाकली आणि मूठभर गवत खुडलं. वॉचमन म्हणाला, "आजी, घास को हाथ मत लगाओ ना." तिने मुठीकडे पाहिलं. ते कुठे न्यायचं, हे तिला सुचेना. शेवटी माझ्या हातात दिलं.

मी ते रिक्षातून घरी आणलं. मलाही जागा सुचेना, म्हणून अंगणात प्लास्टिकवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत तेवढंच काय ते वाळलं.